मैलापाण्याच्या खात्यातली अठ्ठावीस वर्षं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

तुमच्या ताईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पाणी आणि स्त्रिया’ या विषयावर बोला. मी म्हटलं, पाण्यावर बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. हंडा, विहीर, टँकर, नळाची वेळ, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी घरातून बाहेर गेलेल्या पाण्याबद्दल बोलेन. त्यावर फोनवर जरा शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, चालेल, पण जेवणाच्या आधीचं सत्र नको. म्हणून मला चहानंतरची वेळ मिळाली आहे.

मला आधी सांगा, तुमच्या मोरीतलं पाणी कुठे जातं हे किती जणींना माहीत आहे? हात वर करा. तीन... चार. घरात नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारलं असतं तर सगळ्यांचे हात वर गेले असते.

मी स्थापत्य अभियंता. १९९४ साली एका महानगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि २०२२ ला निवृत्त झाले. सोय अशी होती की आमच्या शहराचं आणि शेजारच्या दोन नगरपालिकांचं मैलापाणी एकाच शुद्धीकरण केंद्रात यायचं. निम्मी नोकरी मी ते केंद्र चालवण्यात काढली आणि निम्मी नवीन केंद्रं, पंपघरं बांधण्याच्या प्रकल्प शाखेत. शहराचं आणि खात्याचं नाव मी सांगणार नाही. माझं पेन्शन तिथूनच येतं, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात मीही आहे.

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगायच्या, ‘सून पाणीपुरवठ्यात आहे.’ त्यात खोटं काही नव्हतं म्हणा. पुरवलेलं पाणीच आमच्याकडे यायचं.

हिशोब साधा आहे. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यायचं असं धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे माणशी १०८ लिटर, पाच माणसांच्या घराचं ५४० लिटर, रोज. आमचं केंद्र दिवसाला चार कोटी लिटरचं होतं, म्हणजे साधारण पावणेचार लाख माणसांचं. हे पाणी दिवसभर सारखं येत नाही. सकाळी सहा ते दहा लोंढा, दुपारी ओसरतं, संध्याकाळी पुन्हा वाढतं. लॉगबुकातले आकडे बघून मला शहरातल्या बायका किती वाजता उठल्या, धुणं कधी झालं हे कळायचं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आमचे सगळे पंप पहाटेच सुरू करावे लागायचे.

केंद्रात काय होतं? आधी लोखंडी जाळी. तिच्यात चिंध्या, प्लास्टिक अडकतं. मग वाळू खाली बसवायची टाकी. नंतर मोठा हौद, त्यात खालून हवा सोडतात. पाण्यातले जंतू ती हवा घेऊन घाण खातात. मग निवळण टाकी, तिच्यात जंतूंचा गाळ तळाला बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी क्लोरीन देऊन नदीत जातं. तळाचा बराचसा गाळ पुन्हा हौदात सोडायचा, म्हणजे आलेल्या नव्या पाण्याला जंतू मिळतात. हे अगदी विरजणासारखं आहे. कालच्या दह्यातलं चमचाभर राखून ठेवायचं, नाहीतर उद्याचं दही लागत नाही. १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टरला ही पद्धत निघाली. आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी मला ती पाऊण तास इंग्रजीत समजावली होती. मुकादमाच्या बायकोला मी ती विरजणावरून एका वाक्यात सांगितली.

केंद्र चालवणं म्हणजे बटणं दाबणं नव्हे. हौदातलं पाणी काचेच्या एक लिटरच्या उभ्या नळीत घ्यायचं, अर्धा तास हलवायचं नाही, आणि गाळ किती खाली बसला ते बघायचं. गाळ करडा-तपकिरी असला, मातीसारखा वास आला, तर जंतू खुशाल आहेत. काळा पडला, सडका वास आला की त्यांना हवा कमी पडते आहे. हवा देणारे ब्लोअर सगळ्यात जास्त वीज खातात. त्यामुळे वीजबिल वाढलं की वरून हमखास निरोप यायचा, ‘मॅडम, रात्री दोन ब्लोअर बंद ठेवा, रात्री कोण बघतंय?’ रात्री जंतू बघतात, असं मी एकदा लिहून पाठवलं. त्यावर मला समज मिळाली. पण नदीत सोडलेल्या पाण्यातली घाण पाण्यातला किती प्राणवायू खाईल याला मर्यादा असते. मी लागले तेव्हा ती लिटरला ३० मिलिग्रॅम होती. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती १० वर आणायला सांगितलं. ब्लोअर बंद ठेवून तो आकडा गाठायचा असेल तर कागदावरच गाठावा लागतो. तसा गाठणारेही मी पाहिले.

आता जाळीकडे येते.

आमच्याकडे ‘पाळी’ म्हणजे शिफ्ट. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. दुसऱ्या पाळीबद्दल कोणी बोलायचं नाही, ती थेट जाळीत यायची. पंप अडकला की आढावा बैठकीत साहेब म्हणायचे, ‘लेडीजच्या त्या वस्तूंमुळे.’ सगळे पुरुष हसायचे आणि माझ्याकडे बघायचे. मग मला सांगायचे, ‘तुम्ही जरा बायकांचं प्रबोधन करा.’ जणू शहरातल्या झाडून सगळ्या बायकांची मी वर्गप्रमुख!

एकदा मी आठवडाभर जाळीतून निघालेला कचरा पसरून, निवडून मोजायला लावला. सॅनिटरी पॅड होतेच, भरपूर होते. पण दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, दाढीची पाती, निरोध, साडीचे काठ, देवाची वस्त्रं, बांधकामाचा चुना आणि एक शाळेचं दप्तरही होतं. मी ती यादी बैठकीत वाचली. गुटख्याच्या पुड्यांवर प्रबोधन कोणी करायचं, असं विचारलं. त्या दिवशी हसणं जरा कमी झालं.

पण मैत्रिणींनो, पॅड संडासात टाकू नये, हेही खरं आहे. त्यात प्लास्टिक असतं आणि पाणी शोषून फुगणारी पूड असते. तो नळीत फुगतो, कुजत नाही. आणि ही जाळी दाताळ्याने खरवडणारा माणूस तो हाताने काढतो. हातमोजे वर्षातून एकदा मिळायचे आणि महिन्यात फाटायचे. बाई पॅड संडासात का टाकते? घरातल्या सामाईक डब्यात टाकला तर सासरा बघेल, भाऊ बघेल म्हणून. कामाच्या ठिकाणच्या संडासात डबाच नसतो म्हणून. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं होतं की टाकण्यासाठी वेगळी पिशवी द्या. किती पुड्यांतून ती पिशवी निघाली ते तुम्हीच आठवून बघा. लाज आपली, नफा कंपनीचा आणि हात जाळीवरच्या माणसाचे, अशी वाटणी झाली आहे.

आणि शहराचे संडास जिथे येऊन मिळतात त्या केंद्रात बायकांसाठी संडास नव्हता. पहिली चार वर्षं मी मुकादमाच्या क्वार्टरमध्ये जात होते. गाळ सुकवायच्या वाफ्यांवर ठेकेदाराच्या सात-आठ बायका होत्या. वाळलेला गाळ फावड्याने खरवडून पाटीत भरायचं काम. त्या वाफ्यांमागच्या झुडपात जायच्या. मी अधिकारी म्हणून माझ्यासाठी क्वार्टरचं दार उघडलं, त्यांच्यासाठी नाही, आणि चार वर्षं मला ते खटकलंही नाही. संडासाचा प्रस्ताव केला तेव्हा आधी उत्तर आलं, ‘महिला कर्मचारी संख्या एक, खर्च समर्थनीय नाही.’ ठेकेदाराच्या बायका संख्येत धरल्याच नव्हत्या. मी त्यांची संख्या घालून प्रस्ताव पुन्हा पाठवला. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आता जे सांगते ते या कागदाचंच आहे.

२००८ चा मे महिना. पावसाळ्यापूर्वीच्या सफाईची घाई. तेव्हा केंद्र आणि चार पंपघरं माझ्याकडे होती. एका पंपघरात दोन नंबरचा पंप चिंध्यांनी अडकला. सकाळी मी फोनवर सांगितलं, ‘दुपारपर्यंत पंप चालू झाला पाहिजे, नाहीतर खालच्या वस्तीत पाणी उलटेल.’ हे वाक्य माझं आहे. ‘माणूस उतरवू नका’ असं मी म्हटलं नाही. कसा चालू करणार, हेही विचारलं नाही. पंप कसा चालू होतो हे मला माहीत होतं.

ठेकेदाराचे दोघे जण विहिरीत उतरले. मैलापाणी साचून राहिलं की त्यात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला तर नाकाची वास घ्यायची शक्तीच मरते, म्हणजे वास गेला, बरं झालं, असं माणसाला वाटतं आणि तो आणखी खाली जातो. हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतो. पहिला माणूस कोसळला. दुसरा त्याला धरायला वाकला आणि तोही पडला. दुसऱ्याला दोर टाकून ओढून काढलं, तो वाचला. पहिला सव्वीस वर्षांचा होता. दोघांच्या जाती विचारायची गरज नव्हती. अशा विहिरीत कोण उतरतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

संध्याकाळपर्यंत गोष्ट तयार झाली होती. इसम बाहेरचा, दारू पिऊन कुंपणावरून आला आणि पडला. ठेकेदाराच्या मस्टरवर त्याचं नाव नव्हतं. ते खरंच नव्हतं, कारण त्या मस्टरवर निम्म्या माणसांची नावं कधीच नसायची. पण पंपचालकाने लॉगबुकात आपल्या हाताने लिहिलं होतं : ‘१०.४० पंप क्र. २ बंद. ठेकेदाराचे २ इसम विहिरीत उतरले.’ मला वरून सांगण्यात आलं, ते पान बदलून घ्या.

पान बदलता येईना, याचं श्रेय माझ्या धैर्याला नाही. नवी वही काढताना पानांवर आकडे घालायचे आणि पहिल्या पानावर ‘या वहीत १ ते २०० पाने आहेत’ असं लिहून सही करायची, ही सरकारी सवय मला पहिल्या साहेबांनी लावली होती. पान काढलं असतं तर ते दिसलं असतं, आणि सही माझी होती. मी म्हटलं, सर, पान फाडलं तर मीच अडकेन. एवढंच म्हटलं. माणूस मेला आहे, असं म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी त्याची बायको आली. सोबत नणंद आणि कडेवर वर्षाचं पोर. फाटकाजवळ उभी राहून तिने मला विचारलं, ‘बाई, तो तुमच्याकडं कामाला व्हता का नव्हता, एवढंच सांगा.’ पोलिसांत, ठेकेदाराकडे, वॉर्डात, सगळीकडे तिला तो कामाला नव्हता असं सांगितलं होतं. मी म्हटलं, ‘साहेबांना विचारा.’ ती निघून गेली. मी टेबलाशी जाऊन बसले. लॉगबुक समोर होतं.

पुढचं काम माझं नाही, संघटनांचं. वर्षभराने शहरातल्या स्त्री-संघटनेच्या दोघी आणि सफाई कामगारांच्या संघटनेचा एक कार्यकर्ता माझ्या घरी आले. मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, मी काही बोलू शकत नाही. मग दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हटलं, ‘२००५ च्या माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ‘अपघाताची माहिती द्या’ असं मागू नका, ‘अपघात घडलेला नाही’ असं उत्तर येईल. अमुक पंपघराच्या लॉगबुकाच्या अमुक तारखेच्या पानाची प्रमाणित प्रत मागा.’ त्यांनी तशी मागितली आणि ती मिळाली. त्या वेळच्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावरही येत होती. पण तो माणूस त्याच्या कामावर होता हे आधी दाखवावं लागायचं. ते त्या एका ओळीने दाखवलं. ती ओळ लिहिणारा पंपचालक सातवी शिकलेला होता.

२०१० मध्ये माझी बदली प्रकल्प शाखेत झाली. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

खटला रेंगाळला. मग २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल दिला. १९९३ पासून गटारात, सेप्टिक टाकीत मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख द्या, असा तो निकाल. ही याचिका २००३ ची, म्हणजे अकरा वर्षं चालली. आमच्या शहरात यादी करायची वेळ आली तेव्हा खात्याने शून्य कळवलं होतं. संघटनेने लॉगबुकाची प्रत लावली आणि शून्याचं एक झालं. २०१६ मध्ये तिला पैसे मिळाले. तेही सरळ नाही. सासरच्यांचं म्हणणं होतं, पैसे सासऱ्याच्या खात्यात जावेत, ती तरुण आहे, उद्या दुसरं लग्न करील. ती बँकेत गेली तेव्हा संघटनेच्या चौघी सोबत होत्या, म्हणून ते पैसे तिच्या नावावर राहिले.

२०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली आहे. आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, २०१९ साली गोवंडीत सेप्टिक टाकीत मेलेल्या तिघांच्या बायकांना भरपाई द्यायला सांगितलं होतं. त्या तिघी स्वतः याचिका घेऊन गेल्या होत्या. हे तुमच्या भागात कुणाला लागलं तर लक्षात असू द्या.

प्रकल्प शाखेबद्दल थोडंच सांगते. तिथे माणूस दिसत नाही, नकाशे आणि टेंडर दिसतं. पण माणूस विहिरीत उतरणार की नाही हे तिथेच ठरतं. पंप साखळीने आणि मार्गदर्शक पाइपांवरून वर उचलता येईल असा बसवला, तर त्याला साफ करायला कोणी खाली जात नाही. विहिरीचे दोन भाग केले तर एक बंद ठेवून, उपसून, हवा घालून काम करता येतं. जाळी यंत्राने वर येणारी घेतली तर दाताळं सुटतं. हे सगळं खर्चाचं असतं, आणि अंदाजपत्रक कमी करायची वेळ आली की लाल पेन आधी यावरून फिरतं.

टेंडरमध्ये ‘सुरक्षा साहित्य ठेकेदाराने पुरवावे, दर सर्व समावेशक’ असं एक वाक्य असायचं. त्याचा अर्थ, साहित्य येणार नाही. ठेकेदार वीस टक्के कमी दराने काम घेतो आणि ते वीस टक्के तिथून काढतो. मी वायू मोजायचं यंत्र, हवेचा पंखा, तिपाई आणि पट्टा, प्रत्येकाची वेगळी बाब करून टाकली. म्हणजे वस्तू जागेवर दाखवल्याशिवाय मोजमाप पुस्तकात नोंद नाही, आणि नोंद नाही तर त्या बाबीचं बिल नाही. त्यावरून दीड वर्ष भांडण चाललं. एका साहेबांनी विचारलं, ‘२०१३ चा कायदा आहे ना, मग टेंडरमध्ये कशाला?’ मी म्हटलं, सर, ठेकेदार कायदा वाचत नाही, बिल वाचतो. चार पंपघरांपैकी तिघांत हे झालं. चौथ्यात मी हरले. ते अजून जुन्या पद्धतीचं आहे.

आणि नव्या तिन्ही नकाशांत बायकांचा संडास आणि कपडे बदलायची खोली आहे, आत डब्यासकट. मंजुरीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘मॅडमचा हट्ट.’ असू दे.

तिला मी पुन्हा भेटले ती २०१६ मध्येच, कागदांवर सह्या होत्या त्या दिवशी. मी प्रकल्प शाखेतून कशासाठी तरी मुख्य कार्यालयात गेले होते. तिने मला ओळखलं. म्हणाली, ‘तवा तुम्हाला ठावं व्हतं न्हवं?’ मी म्हटलं, ‘हो.’ तिने मान हलवली आणि संघटनेच्या ताईंच्या मागे निघून गेली. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला होता, तिचा पदर धरून चालत होता.

माझं बोलणं इथे संपलं. येताना मी पंपघराच्या लॉगबुकाचं कोरं पान, फाटकावरच्या नोंदवहीचा नमुना आणि माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा घेऊन आले आहे. तुमच्या गावात भुयारी गटार असेल, सेप्टिक टाक्या उपसणारा ठेकेदार असेल, तर कुठली वही कुणाकडे असते ते मी समजावून देईन. मागच्या टेबलावर आहे, या.